देवाला बोललेली पोर

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टर चुरी दर खेपेला तेच करायचे. आधी हिरीची जीभ बघायची, मग डोळ्यांत बॅटरी मारायची, गुडघ्यावर छोटी हातोडी आपटायची आणि मग खुर्चीत मागं रेलून विचारायचं, "मागच्या खेपेपासून फीट आली होती का?"

"नाही," सुगंधा म्हणायची.

मग डॉक्टर तिच्या शेजारी बसलेल्या गोजराबाईकडं बघायचे. गोजराबाई ही सुगंधाची सासू. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की बोईसरच्या फलाटावरून हाक मारली तर गाडीतला माणूस उतरावा. "काय नाय बघा," म्हातारी ठणकावून सांगायची. "पोर ठणठणीत हाय."

आणि सुगंधाचा अडकलेला श्वास मोकळा व्हायचा. चला, म्हातारीला अजून पत्ता नाही!

आता तुम्ही म्हणाल, सात वर्षांच्या लेकराला झटके येतात आणि आई डॉक्टरशी खोटं बोलते, हिच्या डोक्यात काय भुसा भरला होता काय? नव्हता. डॉक्टर एकटे सापडते तर सुगंधानं त्यांच्यापुढं सगळं घडाघडा ओकून टाकलं असतं. पण म्हातारी पाठ सोडील तर ना! मधेच एकटीनं पालघर गाठावं तर कामाचा खाडा, आणि खाडा म्हातारीला कळल्याशिवाय राहायचा नाही. दवाखान्याचा वार आला की ही आपली लुगड्याचा ओचा खोचून दारात तयार. "तू कामाचा खाडा कशापायी करतीस? मी नेते की पोरीला," असं दर वेळी म्हणायची. सुगंधा मनात म्हणायची, तुमच्या हाती देते की! पोरीला घेऊन तुम्ही पालघरला उतराल की थेट गडावर जाल, काय भरवसा? मग दोघीही निघायच्या, आणि दोघी जिथं बसल्या तिथं खरं बोलणं म्हणजे पोरीवर पाणी सोडणं होतं.

ते कसं, ते सांगायला तीन वर्षं मागं जावं लागेल.

तारापूरला विजेचा तो मोठा कारखाना उभा राहायला लागला, तेव्हा कुठकुठची माणसं तिथं कामाला आली. सुगंधाचा नवरा पुंजाराम पारनेरकडचा. गावात सलग दोन वर्षं पिकलं नाही, तेव्हा त्यानं बायको, आई आणि चार वर्षांची हिरी अशी सगळी बोचकी उचलली आणि सरावलीच्या बाजूला कामगारांच्या झोपड्यांत आणून टाकली. तो साइटवर लोखंडी सळया बांधायचा, सुगंधा घमेली वाहायची आणि गोजराबाई पोर सांभाळायची. म्हातारीला तिथलं काही म्हणता काही आवडलं नाही. हवा खारट, पाणी मचूळ, माणसं मासळी खाणारी. "जिकडं बघावं तिकडं ओलं," ती नाक मुरडायची.

पहिल्याच पावसाळ्यात हिरीला ताप भरला. साधा ताप म्हणून तुळशीचा काढा दिला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पोरीची मान लाकडासारखी ताठ झाली आणि ती कुणाला ओळखेनाशी झाली. मोठ्या सरकारी दवाखान्यात नेली. तिथं पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं आणि मेंदूला ताप चढलाय, असं सांगितलं. पोर डोळे अर्धवट उघडे ठेवून पडलेली. नर्स यायची, जायची, मान हलवायची. पुंजाराम भिंतीला टेकून उभा. सुगंधा तर रडायचीही विसरली होती.

तेव्हा गोजराबाईनं कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली, ती पिवळी हळद पोरीच्या कपाळाला फासली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मल्हारी, हिला जगव! जगली तर तुझी मुरळी करून गडावर सोडीन!"

पोर जगली.

मुरळी म्हणजे खंडोबाशी लग्न लावून दिलेली मुलगी. गळ्यात कवड्यांची माळ घालायची, हातात घाटी म्हणजे छोटी घंटा घेऊन जागरणात नाचायचं, दारोदार मागून खायचं. नवरा देव, आणि तो काही संसाराला येत नाही. दुसरे येतात, आणि त्यांना कुणी जावई म्हणत नाही. सुगंधाच्या माहेरच्या गल्लीत अशी एक मुरळी होती. म्हातारपणी देवळाच्या पायरीवर बसायची, आणि लहानपणी सुगंधानंही इतर पोरांबरोबर तिला खडे मारले होते. त्यामुळं मुरळी म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हिरी घरी आली ती नव्यानं चालायला शिकल्यासारखी. काही शब्द विसरली होती, लवकर चिडायची, पण हसायची, जेवायची. गोजराबाई नवसाचा विषय काढत नव्हती आणि तो कुणी काढावा असं सुगंधालाही वाटत नव्हतं. देवाचा व्याप मोठा, विसरला असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

मग एके दिवशी अंगणात खेळता खेळता हिरी थांबली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, डावा हात थडथड उडायला लागला आणि बघता बघता सगळी पोर मातीत तडफडू लागली. तोंडाला फेस, डोळे पांढरे. झाली सगळ्या झोपड्यांची धावाधाव! शेजारच्या साखरबाईनं कांदा ठेचून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. थोड्या वेळानं झटका आपला आपणच थांबला. पुढं आठवडाभर कांदा मोठा की चप्पल मोठी यावरून बायकांत भांडण चाललं होतं.

गोजराबाई त्या भांडणात नव्हती. ती उंबऱ्यात बसून राहिली होती, चेहरा पांढराफटक. "देवानं आठवण दिली," ती एवढंच म्हणाली.

ते नेमकं मारुती वाघ्यानं ऐकलं. हा मारुती त्यांच्याच गावचा, पुंजारामचा लांबचा मावसभाऊ. आठवडाभर मिक्सरवर सिमेंट खायचा आणि रविवारी अंगाला भंडारा माखून खंडोबाचा वाघ्या व्हायचा. त्याच्याच वशिल्यानं पुंजारामला काम लागलं होतं, त्यामुळं घरात त्याचा शब्द खाली पडत नसे. त्यानं पुंजारामला समोर बसवलं. "नवस बोलला तो बोलला. देव मागतोय, देऊन टाका."

पुंजारामनं मान खाली घातली. हा गडी सळया वाकवण्यात पटाईत, पण माणसापुढं स्वतःच वाकायचा. सुगंधानं मात्र मारुतीचे पाय धरले. डॉक्टरला दाखवते, औषध देते, एवढी मुदत द्या म्हणाली. चार बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोर मारुतीलाही एकदम कठोर होता येईना. "बरं," तो म्हणाला. "औषधानं थांबलं, तर देवानं पोर सोडली म्हणायचं. पण औषध सुरू झाल्यावर एकदा जरी आकडी आली, तरी पोर त्या सालच्या चंपाषष्ठीला गडावर. गोजरामावशे, तू बोललीस नवस. तूच सांग, कबूल?"

"कबूल," गोजराबाई म्हणाली.

डॉक्टर चुरींचं नाव जमनानं सांगितलं. जमना दांडीची कोळीण, डोक्यावर पाटी घेऊन झोपड्यांतून सुकी मासळी विकायची. "माज्या बहिणीच्या पोराला असंच होत व्हतं. पालघरला ने. तो डॉक्टर जरा खेकसतो, पण औषध देतो."

डॉक्टर खेकसले खरे. कांदा आणि चप्पल ऐकून म्हणाले, "कांदा भाजीत घाला आणि चप्पल पायात." मग दोघींना समोर बसवून नीट समजावलं. मेंदूला ताप येऊन गेला, तो बरा झाला, पण आत व्रण राहिला. गुडघा फुटला की जखम भरते आणि वण राहतो ना, तसा. त्या वणाच्या जागेवरून झटका उठतो. ही बाहेरची बाधा नाही की कुणाचा कोप नाही. गोळी रोज द्यायची, एक दिवसही चुकवायची नाही. आणि झटका आलाच तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सारायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, जवळ बसून राहायचं. "दोन वर्षं एकही फीट आली नाही, तर गोळी हळूहळू कमी करून बंद करू," ते म्हणाले. "त्याआधी नाही."

गोळी लागू पडली. पोर जरा सुस्तावली, पण झटके थांबले ते थांबलेच. मारुती दर रविवारी येऊन विचारायचा, "पोरीला काय आलं का?" आणि गोजराबाई म्हणायची, "काय नाय." सुगंधाच्या जिवाला इतका आराम आयुष्यात कधी मिळाला नव्हता. घमेलं वाहताना ती गाणं गुणगुणायची, मुकादम तिला हसायचा.

पुढच्या पावसाळ्यात एका पहाटे तो आराम संपला. पुंजाराम पहिल्या पाळीला गेलेला, म्हातारी नळावर नंबर लावायला गेलेली. हिरी झोपेतून उठून बसली आणि तिचं तोंड डावीकडं ओढलं गेलं. सुगंधानं तिला कुशीवर घेतलं, स्वतःच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि दाराकडं डोळे लावून बसली. झटका लहानच होता. पण त्याहून मोठी भीती दाराबाहेरच्या पावलांची होती. आता म्हातारी आली तर? म्हातारी आली नाही. सुगंधानं पोरीचं परकर-पोलकं बदललं, ओलं अंथरूण धुऊन टाकलं आणि हिरी शुद्धीवर आल्यावर तिच्या कानात म्हणाली, "हे आजीला सांगायचं नाय हां, बाळा."

"बरं," हिरी म्हणाली.

एकदा खोटं पचलं की दुसऱ्यांदा ते गोड लागतं, असं काही सुगंधाचं झालं नाही. प्रत्येक वेळी तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. पण झटके यायचे ते पहाटे उठतानाच, आणि पहाटे म्हातारी नळावर असायची. देवच साथ देतोय म्हणावं तर कुठला देव, ही पंचाईत होती.

सासूवर मात्र तिची करडी नजर असायची. म्हातारी हल्ली विचित्रच वागायला लागली होती. दुपारची चूल लवकर विझवायची. "लाकडं काय फुकट मिळत्यात?" म्हणायची. जमिनीवर गोणपाटं अंथरून ठेवायची, थंडी लागते म्हणे, ऐन उन्हाळ्यात! पूर्वी दुपारी शेजारी गप्पा हाणायला जायची, ते बंद केलं होतं. साखरबाईशी वाकडं आलंय म्हणाली. एकदा हिरीच्या ओठाला चावल्याची खूण दिसली. सुगंधानं विचारलं, तर म्हातारी वस्सकन अंगावर आली, "ओट्यावरनं पडली! पोरं पडत न्हाईत व्हय? तुझ्या लेकीला काय मी खाते?" पोर पडली हे कारण तिनं स्वतः इतक्यांदा दिलं होतं की त्यात खोट काढायची तिची हिंमत झाली नाही.

अशी दोन वर्षं भरली. सदुसष्ट सालच्या पावसाळ्याच्या शेवटाला डॉक्टरांनी हिरीची जीभ बघितली, गुडघ्यावर हातोडी आपटली, प्रश्न विचारला, आणि दोन्ही बायकांची ठरलेली उत्तरं ऐकून पहिल्यांदाच हसले. "शाबास! दोघींनी नियम पाळलात. आता गोळी अर्धी करू. पुढं पाव, मग बंद."

आता बोलावं, आत्ताच बोलावं. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर म्हातारीकडं गेली. एवढी आनंदाची बातमी, आणि हिचा चेहरा मेल्यासारखा! सुगंधाला वाटलं, देवाची पोर हातची सुटतेय म्हणून हिला दुःख झालंय. तिनं तोंड मिटलं. चंपाषष्ठी एवढी पार पडू दे, मग बघू. गोळी बंद झाली म्हणजे पोर बरी झाली, असं सगळ्यांसमोर ठरेल, मारुतीची कटकट मिटेल, मग एखाद्या दिवशी एकटी येऊन डॉक्टरांचे पाय धरीन आणि गुपचूप पुन्हा गोळी चालू करून घेईन. असा तिचा हिशोब होता. हिशोब चुकीचा नव्हता, फक्त हिरीच्या मेंदूला तो कुणी सांगितला नव्हता.

गोळी अर्धी झाली, पाव झाली. पहाटेचे झटके वाढले. सुगंधा चुलीपाशी बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागली, कारण पहाटेच्या धास्तीनं तिला झोपच लागेना. गोजराबाईही खंगली. सासवासुना एकमेकींच्या तोंडाकडं बघायच्या आणि पुन्हा एकमेकींवर खेकसायच्या, भाकरी जाड झाली, मीठ कमी पडलं, एवढ्यातेवढ्यावरून.

मग गोळी बंद झाली.

चंपाषष्ठी जवळ आली होती. ऊन चढलं होतं, सुगंधा डोक्यावर खडीचं घमेलं घेऊन फळीवरून चालली होती, तेव्हा खालून जमनाचा आवाज आला. रिकामी पाटी काखेत, पदर विस्कटलेला, बाई धापा टाकत होती. "अगो सुगंधा! चल लवकर! तुजी पोर हातपाय झाडते, थांबतच नाय! म्हातारी एकली हाय!"

घमेलं कुठं पडलं ते सुगंधाला कळलंही नाही. ती धावत सुटली. झोपडीच्या दारात पोचली आणि तिथंच थबकली.

गोजराबाई गोणपाटावर बसली होती. हिरीला तिनं डाव्या कुशीवर वळवलं होतं. डोक्याखाली लुगड्याची घडी सारलेली, गळ्याचं बटण सोडलेलं. एका हातानं ती पोरीचा खांदा धरून होती, आवळून नव्हे, नुसता आधाराला, आणि दुसऱ्या हातानं पदराच्या टोकानं फेस पुसत होती. चूल विझलेली, पाण्याची कळशी लांब सरकवलेली. कांदा नाही, चप्पल नाही, आरडाओरडा नाही. ते हात काय करायचं ते न शोधता करत होते. असे हात सुगंधाच्या ओळखीचे होते. रोज पहाटे तिचे स्वतःचे हात असेच चालत.

"किती वेळ झाला?" सुगंधानं विचारलं.

"लई वेळ," म्हातारी म्हणाली. "असं कधी झालं नव्हतं गं! लगेच थांबायचं."

ती काय बोलून गेली हे तिला कळलं नाही. सुगंधाला कळलं, पण ते मनात धरायला सवड नव्हती. मागून पुंजाराम आणि मारुती धावत आले. मारुतीनं साइटवरच्या ट्रकवाल्याला हात जोडून ट्रक मिळवला, हे त्याचं कबूल करायला पाहिजे. पालघरपर्यंतच्या त्या सगळ्या रस्त्यावर पोर सुगंधाच्या आणि म्हातारीच्या मांड्यांवर आडवी होती, मधेच जराशी सैल पडायची आणि पुन्हा ताठ व्हायची.

डॉक्टर चुरींनी दंडात इंजेक्शन दिलं. थांबले, नाडी धरली, आणखी एक दिलं. कितीतरी वेळानं हिरीचं अंग सैल पडलं आणि ती घोरायला लागली. डॉक्टरांनी घाम पुसला आणि वळले.

"आता खरं सांगा. याआधीची फीट कधी आली होती?"

मारुती दारात उभा होता, कपाळाचा भंडारा घामानं ओघळलेला. सुगंधानं त्याच्याकडं बघितलं, मग खाटेवरच्या हिरीकडं. खोटं बोललं तर पोर मरेल. खरं बोललं तर पोर जाईल. सुगंधाला माहेरच्या देवळाची पायरी आठवली, हातातला तो खडा आठवला. पण पायरीवर बसायला आधी जिवंत तर असावं लागतं.

"आज पहाटं," ती म्हणाली.

"काय?"

"आज पहाटं आली. परवा पण. झोपेतनं उठताना येती. दोन पावसाळं झालं, मी लपवलं. आत्याबाईंनी पोर देवाला बोललीया. आकडी आली तर गडावर सोडायची असं ठरलंय. म्हणून मी कुणालाच सांगितलं न्हाई. माझं चुकलं, डॉक्टर. मारा मला, पण पोर वाचवा!"

तिनं सासूकडं बघितलं नाही. आपल्या तोंडानं आपली लेक घालवली, आता बघायचं काय राहिलं?

"अन् दुपारच्या?" गोजराबाईचा आवाज आला. एवढा बारीक की तो तिचाच आहे हे पटेना. "दुपारची निजून उठती तवाच्या तिनं कुठं बघितल्यात? त्या मी बघितल्यात. काल आली, त्याच्या आधल्या दिशी आली. मीबी दोन पावसाळं लपवल्या."

सुगंधा गर्रकन वळली. "आत्याबाई! तुमाला ठावं होतं?"

"तुला ठावं होतं?" म्हातारी म्हणाली.

"मग तुमी सांगितलं का न्हाई?"

"कुणाला सांगू? तुला? तू रागाच्या भरात मारुतीपुढं बोलली असतीस म्हंजी? नवस माझ्याच तोंडचा. मी कोणत्या तोंडानं मागं घेऊ? मला वाटलं, कुणाला कळलंच न्हाई तर देवालाबी कळणार न्हाई." म्हातारी खाली बसली. "मी म्हणत व्हते तुला, पोरीला मी एकटी नेते. डॉक्टरला सांगायचं व्हतं मला. तू कवा एकटं सोडलंस?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. आधी त्यांना समजेना. समजलं तेव्हा टेबलावर असा हात आपटला की सुईचा ट्रे वाजला. "मी गोळी बंद केली! तुमच्या दोघींच्या शब्दावर बंद केली! एक खोटं बोलते हे ओळखता येतं हो डॉक्टरला. दोघी दोन बाजूंनी तेच सांगतात, तेव्हा मी काय ओळखायचं?"

मारुती खाकरला. त्यालाही अवघड झालं होतं, पण वाघ्याला देवाचा शब्द सोडून कसं चालेल? "गोजरामावशे," तो म्हणाला, "जे झालं ते झालं. पण चंपाषष्ठीचं ठरल्यापरमानं..."

"काय ठरलं व्हतं?" म्हातारी ताडकन उठली. तिचा जुना आवाज परत आला होता, बाहेर बाकावर बसलेले रोगीसुद्धा दचकले. "शब्द कुणी दिला? ह्या माझ्या जिभेनं. पोर तर बेसुद पडली व्हती, तिला कुणी इचारलं? ज्याची जीभ त्यानं फेडायचं! चंपाषष्ठीला मी जाते गडावर. मीच घालीन कवड्यांची माळ. मरंस्तवर दर ऐतवारी पाच घरं मागीन."

"अगं मावशे, ह्या वयात कुणी मुरळी व्हतं का?"

"का? देव काय तुमच्यासारखा हाय व्हय, वय बघणारा?"

मारुती पुंजारामकडं बघायला लागला. आणि पुंजाराम, ज्यानं जन्मात कुणापुढं मान वर केली नव्हती, तो हळूच म्हणाला, "आई म्हणती तसं. पोर कुठं जायची न्हाई."

मारुती ट्रकवाल्याला सांगून येतो म्हणून बाहेर गेला.

रागावून झाल्यावर डॉक्टरांनी दोघींना पुन्हा समोर बसवलं, पहिल्या दिवशी बसवलं होतं तसंच. गोळी पुन्हा सुरू, पहिल्यापेक्षा जास्त. दोन वर्षांची भाषा आता करायची नाही. पोर मोठी होईपर्यंत द्यावी लागेल, कदाचित जन्मभर. झटके येतील, कमी होतील, पुन्हा येतील, ते सगळे सांगायचे. आणि आज इतका वेळ लागल्यामुळं डाव्या हातातली शक्ती गेल्यासारखी दिसते. ती परत येईल का, ते आज सांगता येणार नाही.

"म्हंजी आमच्यामुळं," सुगंधा म्हणाली.

डॉक्टर गोळ्यांची चिठ्ठी लिहायला लागले.

दिवेलागणीच्या सुमाराला हिरीनं डोळे उघडले. एका बाजूला सुगंधा बसली होती, दुसऱ्या बाजूला गोजराबाई. अंगावरचे कपडे ओले होते, जीभ सुजली होती. अशी जाग आली की काय समजायचं ते पोरीला पाठ होतं. तिनं आईकडं बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आय, आजीला सांगायचं नाय ना?"

मग तिला पलीकडं बसलेली आजी दिसली. पोर घाबरली. आजीकडं वळून घाईघाईनं म्हणाली, "आयला पण नाय सांगितलं गं, आजी." एकदा इकडं, एकदा तिकडं बघता बघता तिचा चेहरा रडवेला झाला. दोघी तर इथंच होत्या. "मग आता कुणाला सांगायचं नाय?"

गोजराबाईनं पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडं वळून हमसून हमसून रडायला लागली.

"सगळ्यांना सांगायचं," सुगंधा म्हणाली. "डॉक्टरांना, आजीला, मला. जो इचारंल त्याला सांगायचं."

"मारुतीआबाला पण?"

"त्याला तर आधी."

हिरीनं बरं म्हणून मान हलवली. तिला तहान लागली होती. सुगंधानं पाण्याचा पेला तिच्या डाव्या हाताशी नेला आणि तिनं हात पुढं केला, तो उजवा.